पाच महिन्यांच्या बाळाचा इसब: मलम किती, तेल कोणते आणि पिठाचे काय?

रानजाई (नागपूर), ८ डिसेंबर

माझी मुलगी पाच महिन्यांची आहे. दिवाळीच्या सुमारास तिचे दोन्ही गाल लाल आणि खरखरीत झाले, तेव्हा हवा बदलल्यामुळे गाल फुटले असे समजून आम्ही त्यांवर साय लावली. पुढच्या तीन आठवड्यांत तसेच चट्टे कपाळावर, हातांच्या बाहेरच्या बाजूला आणि नडग्यांवर उमटले, काहींतून पाणी आले, आणि आता ती झोपेतसुद्धा गाल दुपट्यावर घासत राहते; सकाळी दुपट्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. लंगोटाखालची त्वचा मात्र अगदी स्वच्छ आहे. त्वचारोगतज्ज्ञांनी पाहताक्षणीच हा ‘ॲटोपिक डर्मटायटिस’, म्हणजे तान्ह्या बाळांचा इसब आहे असे सांगितले. माझ्या यजमानांना लहानपणापासून दमा आहे हे कळल्यावर त्यांची खात्रीच पटली.

त्यांनी एक मॉइश्चरायझर आणि एक टक्का हायड्रोकॉर्टिसोनचे मलम दिले आहे. मलमात स्टेरॉइड आहे हे वेष्टनावर वाचल्यावर मी ते घाबरत घाबरत दोन दिवस लावले, गाल सुधारताच बंद केले आणि चौथ्या दिवशी सगळे पूर्ववत झाले. असे आतापर्यंत तीनदा झाले आहे. मालीश करणाऱ्या मावशींचे म्हणणे असे की, अंगातली उष्णता बाहेर पडते आहे, ती मलमाने दाबू नये. सासूबाईंना तेल, डाळीचे पीठ आणि लव काढण्यासाठी कणकेचा गोळा यांपैकी काहीही सोडायचे नाही. त्यांचा हेतू वाईट नाही, त्यांनी चार मुले अशीच वाढवली आहेत.

माझे प्रश्न असे आहेत. स्टेरॉइड मलम लावावे की नाही आणि लावायचे तर किती? मालीश पूर्ण बंद करावी का? आणि मी स्तनपान करत असल्यामुळे माझ्या आहारातून दूध, दाणे, वांगे वगैरे काढून टाकावे का?

बालवैद्य_निवृत्त (पुणे), ८ डिसेंबर

मी चौतीस वर्षे बालरोगतज्ज्ञ म्हणून काम केले. बाळ पाहिल्याशिवाय औषध सुचवणार नाही, परंतु तुमच्या डॉक्टरांनी दिलेले औषध कसे वापरायचे एवढे सांगता येईल, कारण माझ्या अनुभवात बहुतेक घरांत औषध बरोबर असते आणि मात्रा चुकते.

प्रथम रोगाविषयी. गाल, कपाळ, हातापायांची बाहेरची बाजू आणि लंगोटाखालचा सुटलेला भाग, हे वर्णन या वयाच्या इसबाचे अगदी नेमके वर्णन आहे. लंगोटाखाली ओल टिकते आणि तेथे नखे पोहोचत नाहीत, म्हणून तो भाग वाचतो. दोन वर्षांनंतर हेच चट्टे कोपराच्या आणि गुडघ्याच्या आतल्या घडीत जातात. सारवलेली जमीन कोरड्या हवेत भेगाळते तशी या बाळांच्या त्वचेची गत असते. ओल बाहेर जाते आणि साबण, धूळ, जंतू आत शिरतात. त्वचेत फिलॅग्रिन नावाचे एक प्रथिन असते आणि त्याच्या विघटनातून त्वचेला ओलावा धरणारे पदार्थ मिळतात. या प्रथिनाच्या जनुकातील दोष आणि इसब यांचा संबंध २००६ साली स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांच्या सहकाऱ्यांसह दाखवला. इसब असलेल्या प्रत्येक बाळात तो दोष सापडत नाही, पण त्वचेचा अडसर कच्चा असणे ही गोष्ट समान असते. तेव्हा ‘उष्णता बाहेर पडते’ हे खरे नाही. बाहेर पडते ते पाणी.

आता मात्रेविषयी. तान्ह्या बाळाच्या सर्वांगाला मॉइश्चरायझर नीट लावायचे तर आठवड्याला सुमारे शंभर ग्रॅम लागते. मोठ्या मुलांसाठी ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचना आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम सांगतात. आपल्याकडे पन्नास ग्रॅमची नळी महिनाभर पुरवतात आणि मग ‘क्रीमने काही फरक पडला नाही’ असे सांगतात. तुमची नळी किती दिवस चालली, ते कृपया कळवा.

स्टेरॉइड मलमासाठी बोटाच्या पेराचे माप वापरतात. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत नळीतून काढलेली मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तेवढे मलम मोठ्या माणसाच्या बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाचा संपूर्ण चेहरा आणि मान यांसाठी एक पेर, एका हाताला एक पेर, एका पायाला दीड पेर हे प्रमाण धरतात. अर्थात, मलम लावायचे ते फक्त चट्ट्यांवर, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी लागते. पण ‘मुगाएवढे’ लावून तुमच्यासारखे दुसऱ्या दिवशी थांबवले, तर वरची लाली जाते, आतली सूज राहते आणि तीच चौथ्या दिवशी वर येते. डोळे मिटून बोट फिरवावे. चट्ट्याची जागा शेजारच्या त्वचेपेक्षा वेगळी लागत नाही तोवर डॉक्टरांनी दिलेली मुदत पूर्ण करावी. अशा तीन अर्धवट फेऱ्यांत जितके स्टेरॉइड पोटभर फायदा न देता खर्च होते, तितक्यात एक फेरी नीट पूर्ण झाली असती.

शंकासुर, ९ डिसेंबर

डॉक्टरसाहेबांविषयी आदर राखून मतभेद नोंदवतो. माझ्या भाच्याच्या गालांना औषधाच्या दुकानातून आणलेले एक मलम चार महिने लावले होते. सुरुवातीला गुण जादूसारखा आला, नंतर गालांवर बारीक रक्तवाहिन्या दिसू लागल्या, लव वाढली आणि मलम थांबवताच चेहरा भाजल्यासारखा लाल झाला. ज्या औषधाने एवढे होते ते पाच महिन्यांच्या मुलीला ‘पेराने मोजून’ लावा असे सांगणे मला तरी पटत नाही.

बालवैद्य_निवृत्त (पुणे), ९ डिसेंबर

तुमच्या भाच्याचे जे झाले ते खरे आहे आणि ते मी अनेकदा पाहिले आहे. त्या नळीवर बहुधा तीन-चार नावे असतील: एक बुरशीचे औषध, एक जंतुनाशक आणि शेवटी क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखे तीव्र स्टेरॉइड. आपल्या देशात ही मिश्रणे गजकर्णापासून गोरेपणापर्यंत सगळ्यासाठी चिठ्ठीशिवाय विकली गेली. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने या दुरुपयोगाविरुद्ध स्वतंत्र कृतिदल नेमले आणि २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमांना ‘शेड्यूल एच’च्या, म्हणजे चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांच्या यादीत आणले. दुकानात प्रत्यक्षात काय चालते हे तुम्ही-आम्ही जाणतो.

परंतु स्टेरॉइड हे एका औषधाचे नाव नाही. क्लोबेटासोल या उतरंडीच्या सर्वांत वर आहे आणि एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन सर्वांत खाली. दोहोंच्या तीव्रतेत शेकडो पटींचा फरक धरला जातो. तान्ह्या बाळाच्या वजनाच्या मानाने त्याची त्वचा फार मोठी असते, म्हणून क्लोबेटासोलसारखे मलम लंगोटाखाली महिनोन्‌महिने लावल्यास ते रक्तात उतरून बाळाचे तोंड सुजल्यासारखे गोल होते, वाढ खुंटते आणि जंतुसंसर्ग जिवावर बेततो. हे घडलेले आहे. हायड्रोकॉर्टिसोन डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही दिवस चट्ट्यांवर लावण्याची तुलना त्याच्याशी करणे म्हणजे घरातल्या निरांजनाची तुलना वणव्याशी करण्यासारखे आहे. भीती योग्य आहे, फक्त ती चुकीच्या नळीला वाटते आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या वर्णाच्या त्वचेत घडते आणि ती आधी कुणी सांगत नाही. चट्टा बरा झाला की त्या जागी त्वचा काही आठवडे, कधी काही महिने फिकट दिसते. घरात लगेच ‘औषधाने कोड आले’ अशी कुजबुज सुरू होते. तो सुजेने मागे ठेवलेला फिकटपणा असतो, कोड नव्हे आणि बहुधा औषधाचाही परिणाम नव्हे. सूज पुन्हा आली नाही तर रंग हळूहळू भरून येतो. उलट बाजूने, गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत इसबाची लाली पुस्तकातल्या चित्रासारखी ठळक दिसत नाही, करडी किंवा जांभळट दिसते, त्यामुळे आजार आहे त्याहून सौम्य वाटतो. म्हणून मी आयांना नेहमी डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवा असे सांगत असे.

शंकासुर, ९ डिसेंबर

नळी आज घरी जाऊन पाहिली. क्लोबेटासोलच आहे. माझा मुद्दा अर्धा मागे घेतो. उरलेला अर्धा दुकानदारांसाठी राखून ठेवतो.

समुद्रकाठ (रत्नागिरी), १० डिसेंबर

आमच्याकडे हवा दमट, तरी माझ्या मुलाला इसब झाला. नागपुरात थंडीचा कोरडेपणा छळतो, तसा आमच्याकडे चैत्र-वैशाखात आणि ऑक्टोबरात घाम छळतो. घामातले क्षार भेगाळलेल्या त्वचेला झोंबतात आणि बाळ खाजवून खाजवून बेजार होते. तेव्हा दर दोन तासांनी ओल्या मऊ सुती कपड्याने मान आणि घड्या टिपणे, झबले बदलणे आणि पंखा चालू ठेवणे याचा मला मलमाइतकाच उपयोग झाला. टोपडे आणि कुंची घालून बाळाला गुरफटून ठेवणे मी पहिल्या महिन्यातच बंद केले, आणि त्यावरून किती बोलणी खाल्ली ते विचारू नका.

तेलाविषयी माझा अनुभव खोबरेल तेलाचा आहे. घाणीवरचे ताजे, वास नसलेले तेल आंघोळीनंतर ओलसर अंगावर लावले की आग होत नसे. कुणीतरी पायांच्या भेगांसाठी वापरतात ते कोकमाचे मुठेल गालांना लावून पाहा असेही सुचवले होते, पण ते इतके घट्ट असते की पसरवण्यासाठी घासावे लागते, आणि घासणे हेच तर टाळायचे होते.

बालवैद्य_निवृत्त (पुणे), १० डिसेंबर

तेलांमध्ये फरक आहे. सौम्य आणि मध्यम इसब असलेल्या मुलांवर फिलिपाइन्समध्ये झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शुद्ध खोबरेल तेलाचा परिणाम खनिज तेलापेक्षा चांगला दिसला. ऑलिव्ह तेलाचे नाव मोठे आहे, पण ब्रिटनमध्ये प्रौढ स्वयंसेवकांवर केलेल्या २०१३ सालच्या अभ्यासात त्याने त्वचेचा अडसर अधिक कमकुवत केला, तर सूर्यफुलाच्या तेलाने तसे केले नाही. मोहरीचे तेल तर चुरचुरतेच, ते टाळावे. तरीही खोबरेल तेल हे मॉइश्चरायझरच्या जोडीला ठीक आहे, त्याच्या ऐवजी नाही, आणि सुजलेल्या चट्ट्यावर ते औषधाचे काम करणार नाही.

आजीचा_बटवा (सांगली), ११ डिसेंबर

रानजाई, तू माझ्या सुनेच्या वयाची असशील, म्हणून एकेरी लिहिते. मी तुझ्या सासूबाईंच्या बाजूची आहे आणि तरी त्यांच्या विरुद्ध सांगणार आहे. माझ्या तिन्ही मुलांना मी कणकेच्या गोळ्याने चोळले, मसुराच्या पिठाने न्हाऊ घातले, वेखंड लावले आणि शेगडीवर ओवा-वावडिंग टाकून धुरी दिली. तिघेही ठणठणीत राहिले, कारण त्यांची कातडी ठणठणीत होती. थोरल्या नातवाची तशी नव्हती. त्याला तेच सारे केले आणि सहाव्या महिन्यात त्याचे पाय सोलल्यासारखे झाले, तेव्हा मला कळले की, मुलांना माझ्या हातगुणाने बरे वाटत होते असे नाही. त्यांना काही होत नव्हते म्हणून माझा हातगुण टिकला होता.

आम्ही मालीश बंद केली नाही. बाईंनाही वाईट वाटू नये, बाळालाही त्या स्पर्शाची सवय असते. चोळणे बंद केले आणि लावणे सुरू केले. आधी पाच-सात मिनिटे कोमट पाण्याची आंघोळ, कोपर बुडवून पाहावे आणि पाणी जेमतेम जाणवावे इतके कोमट. मग पंच्याने टिपून घेणे. आणि अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर वरून खाली, लव ज्या दिशेने वाढते त्या दिशेने लांब हात फिरवत लावणे. आमच्या बाईंना मी म्हणाले, ही तुमचीच मालीश आहे, फक्त तेल डॉक्टरांचे आहे. दोन दिवस त्या गप्प होत्या, तिसऱ्या दिवशी स्वतःहून डबा मागितला. पीठ मात्र पूर्ण गेले, धुरी गेली आणि माझ्या हाताने विणलेला लोकरीचा स्वेटर आतल्या सुती झबल्याशिवाय घालायचा नाही असे ठरले. स्वेटरचे मला सर्वांत जास्त लागले.

बालवैद्य_निवृत्त (पुणे), ११ डिसेंबर

आजींनी एका परिच्छेदात सांगितले ते सांगायला मला दवाखान्यात अर्धा तास लागत असे. पिठाविषयी एक पुस्ती जोडतो. पीठ खरखरीत असते एवढाच त्याचा दोष नाही. फुटलेल्या त्वचेतून अन्नातील प्रथिने आत गेली, तर शरीर त्यांना शत्रू समजायला शिकते. तेच अन्न आधी पोटातून गेले तर सहसा ओळखीचे होते. जपानमध्ये साधारण २०१० च्या सुमारास चेहरा धुण्याच्या एका साबणात गव्हाचे प्रक्रिया केलेले प्रथिन वापरले होते; तो साबण वापरणाऱ्या दोन हजारांहून अधिक लोकांना पुढे पोळी-पाव खाताना गव्हाची ॲलर्जी जाणवू लागली. कणकेच्या गोळ्याने तसेच होईल असे मी म्हणत नाही, कारण ते प्रथिन वेगळ्या रीतीने तोडलेले होते आणि साबणाच्या फेसाबरोबर रोज लागत होते. पण सोललेल्या गालांवर कणीक, बेसन, साय आणि बदामतेल चोळण्यात नेमके कोणते दार उघडते, ते यावरून समजावे.

लीड्सकर, १२ डिसेंबर

इंग्लंडमध्ये माझ्या मुलाचा इसब चार वर्षे सांभाळल्यानंतर काही गोष्टी मांडतो. येथे या विषयावर पुष्कळ चाचण्या झाल्या आणि त्यांतल्या बऱ्याच चाचण्यांनी ‘याचा उपयोग नाही’ असेच सांगितले, ज्यामुळे माझे पुष्कळ पैसे वाचले. आंघोळीच्या पाण्यात टाकायच्या खास तेलांचा नेहमीच्या उपचारापलीकडे फायदा नाही, असे २०१८ सालच्या चाचणीत दिसले. रेशमी औषधी कपड्यांचेही २०१७ साली तसेच झाले. पाणी मऊ करणारे, म्हणजे त्यातले क्षार काढणारे यंत्र बसवूनही इसब सुधारला नाही, असे २०११ साली दिसले. जड पाण्याच्या भागात इसब अधिक आढळतो हे खरे असूनही. जन्मापासून रोज मॉइश्चरायझर लावल्याने इसब टळेल ही आशाही २०२० साली दोन मोठ्या अभ्यासांनी मोडली. झालेला इसब सांभाळायला मात्र त्याला पर्याय नाही.

सर्वांत उपयोगी चाचणी मला २०२२ सालची वाटली. तिच्यात लोशन, क्रीम, जेल आणि घट्ट मलम असे मॉइश्चरायझरचे चार प्रकार मुलांवर तुलनेसाठी वापरले आणि चौघांच्या परिणामकारकतेत फरक आढळला नाही. म्हणजे महागडी नळी शोधत फिरण्यापेक्षा सुगंधविरहित, परवडणारे, मोठ्या डब्यात मिळणारे आणि बाळाला न झोंबणारे जे असेल ते भरपूर लावावे. डब्यात बोटे न घालता स्वच्छ चमच्याने काढावे, नाहीतर जंतू डब्यातच घर करतात.

एक इशारा आपल्या घरांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. येथील औषध नियामकाने २०१८ च्या डिसेंबरात सांगितले की, मॉइश्चरायझर कपड्यांत आणि अंथरुणात मुरले की ते कापड आगीच्या संपर्कात लवकर पेट घेते, आणि धुतल्यानेही तो अंश पूर्ण निघत नाही. शेगडी, धुरी, निरांजन यांच्याजवळ असे दुपटे नेऊ नये.

पाऊलखुणा (नाशिक), १२ डिसेंबर

आहाराच्या प्रश्नावर माझा अनुभव लिहिते. कुणाच्या तरी सल्ल्याने मी दूध, अंडी, दाणे, डाळी, वांगे आणि आंबट असे सारे अडीच महिने सोडले. माझे वजन सहा किलोंनी उतरले, दूध कमी झाल्यासारखे वाटू लागले आणि मुलाचा इसब होता तसाच राहिला. शेवटी बालरोगतज्ज्ञांनी जेवणाचे ताट पूर्ववत करायला लावले. खाज थांबावी म्हणून एका ठिकाणी आम्हाला गुंगी आणणारे औषधही देण्यात आले होते. मूल झोपले, पण झोपेतही खाजवतच होते.

बालवैद्य_निवृत्त (पुणे), १३ डिसेंबर

आईने सरसकट पथ्य करू नये. ठरावीक पदार्थानंतर काही मिनिटांत किंवा दोन तासांत बाळाच्या अंगावर पित्त उठले, ओठ सुजले, उलटी झाली, किंवा उत्तम उपचारानंतरही इसब हटत नाही आणि वजनही वाढत नाही, तरच तज्ज्ञांच्या देखरेखीखाली एखादा पदार्थ काढून पाहतात. खाज कमी करायला गुंगीची औषधे फारशी उपयोगी नाहीत, कारण ती हिस्टामिन या ॲलर्जीत शरीरात सुटणाऱ्या रसायनाला रोखतात आणि या खाजेचे मूळ बहुतांशी त्यात नसते, आणि तान्ह्या बाळांत ती धोक्याचीही ठरू शकतात.

दाण्यांबाबत तर आपली समजूत उलटी करावी लागते. लंडनमध्ये ६४० बाळांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली चार ते अकरा महिन्यांची बाळे निवडली होती. ज्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, त्यांच्यात पाच वर्षांच्या वयात शंभरात सुमारे तिघांना शेंगदाण्याची ॲलर्जी होती. ज्यांना ते कटाक्षाने टाळायला सांगितले, त्यांच्यात सुमारे सतरा जणांना. रानजाई, तुमच्या मुलीला सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचे अन्न सुरू होईल तेव्हा नाचणीच्या सत्त्वात मऊ वाटलेले दाण्याचे कूट कधी घालायचे हे डॉक्टरांना आधी विचारा. इसब तीव्र असेल तर ते आधी तपासणी करतील. अख्खा दाणा मात्र घशात अडकतो, तो कधीही देऊ नये.

वाटसरू_लातूर, १४ डिसेंबर

विषयाला धरूनच एक सावधगिरी. आमच्या बाळाला दोन महिने इसबाचे उपचार चालू होते आणि शेवटी ती खरूज निघाली. तळहात, तळपाय आणि काखेत पुळ्या होत्या आणि रात्री घरातले पाचही जण खाजवत होतो, पण ‘हवेने होत असेल’ म्हणून ते कुणी डॉक्टरांना सांगितलेच नाही. नंतर सर्वांनी एकाच रात्री औषध लावले, कपडे आणि अंथरूण गरम पाण्यात धुतले, तेव्हा सुटका झाली. घरात आणखी कुणाला खाज येते का, हे ज्याने-त्याने आधी स्वतःला विचारावे.

बालवैद्य_निवृत्त (पुणे), १४ डिसेंबर

अतिशय योग्य सूचना. त्याच ओघात, कोणत्या वेळी फोन न करता थेट दवाखाना गाठावा तेही लिहून ठेवतो. चट्ट्यांवर मधासारख्या पिवळ्या खपल्या धरल्या, पू आला किंवा ताप आला तर जंतुसंसर्ग समजावा. आणि एकसारख्या आकाराचे, सुईने टोचून काढल्यासारखे खोलगट फोड झपाट्याने पसरू लागले आणि बाळ मलूल झाले तर त्याच दिवशी, मग तो रविवार असो, रुग्णालयात जावे; तो नागिणीच्या कुळातील हर्पिसच्या विषाणूचा इसबावरचा हल्ला असू शकतो आणि त्याचे औषध लवकर सुरू करावे लागते. ओठाच्या कडेला पाणीदार फोड आलेल्या मोठ्या माणसाने, कितीही जवळचे असले तरी, या बाळांचा पापा घेऊ नये.

रानजाई (नागपूर), २९ डिसेंबर

उशिरा उत्तर देते, क्षमस्व. डॉक्टरकाकांनी विचारले होते त्याचे उत्तर आधी देते: माझी पन्नास ग्रॅमची नळी पंचवीस दिवस चालली होती. आता ४०० ग्रॅमचा डबा आणला आहे आणि तो चौथ्या आठवड्याच्या शेवटी संपत आलेला असेल असे दिसते. स्टेरॉइड मलम माझ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या सात दिवसांत पेराने मोजून लावले, आधी मॉइश्चरायझर आणि अर्ध्या तासाने मलम या क्रमाने. पाचव्या दिवशी गाल बघायला चांगले झाले होते, पण बोटाला खरखर लागत होती, म्हणून थांबले नाही. गेले दहा दिवस गाल स्वच्छ आहेत. ती सलग पाच तास झोपू लागली आहे, आणि आम्हीही. हनुवटीखाली मात्र लाळेमुळे लालसर राहते. तेथे दूध पाजण्याआधी मॉइश्चरायझरचा थर लावते.

सासूबाईंना मी आजींचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मावशी पिठाची वाटी घेऊन बसल्या, तेव्हा त्यांनीच ती उचलून आत नेली आणि त्याची धिरडी केली. डबा उघडल्याची तारीख झाकणावर लिहिण्याचे कामही आता त्यांनीच घेतले आहे. नडगीवर दोन फिकट डाग आहेत. त्यावरून ‘कोड’ हा शब्द शेजारून एकदा आलाच. उत्तर तयार होते.

दोन प्रश्न उरले आहेत. इसब असताना पुढचे लसीकरण ठरल्या तारखेला करावे का? आणि आमच्याकडे मार्चपासून कूलर लागतो. त्या हवेचे या त्वचेला काय होईल?

बालवैद्य_निवृत्त (पुणे), २९ डिसेंबर

लस ठरल्या तारखेलाच द्यावी, इसबासाठी पुढे ढकलू नये. सुई टोचण्याची जागा चट्ट्यापासून दूर असावी एवढे परिचारिकेला सांगा. आणि पुन्हा उठाव आला तर औषध हरले असे समजू नका. सर्दी, दात, लग्नघरचा जागर, कशानेही तो येतो. खरखर हाताला लागली की डॉक्टरांनी दिलेल्या योजनेप्रमाणे लगेच मलम सुरू करा. वारंवार त्याच जागी येऊ लागले, तर आठवड्यातून दोन दिवस मलम लावण्याची पद्धत आहे, ती त्यांना विचारा.

समुद्रकाठ (रत्नागिरी), ३० डिसेंबर

कूलरची हवा ओलसर असते, त्यामुळे कोरडेपणासाठी ती बरीच म्हणायची. फक्त झोत थेट बाळावर नको आणि वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या हंगामाच्या सुरुवातीला नव्या बसवा, जुन्यांत बुरशी धरते. उन्हाळ्यात मात्र घट्ट मलमासारखे मॉइश्चरायझर जाड थराने लावू नका. त्याखाली घाम कोंडतो, घामोळे येते, आणि मग इसब कोणता नि घामोळे कोणते हे आमच्याकडे भल्याभल्यांना ओळखता येत नाही. मी होळीनंतर लोशनवर येते आणि पुन्हा तुळशीच्या लग्नानंतर घट्ट डबा काढते. झाकणावर तारखा मीसुद्धा लिहीन म्हणते, सासूबाईंना सांगा.